फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीत बुरशीचा संसर्ग : ‘खिडकी’ करावी की औषधांवर थांबावे?

क्षिप्राकाठ (सुदामानगर, इंदूर) · 9 फेब्रुवारी, रात्री 10:15

नमस्कार. माझे सासरे 63 वर्षांचे आहेत. 1999 साली त्यांना क्षयरोग झाला होता. औषधांचा पूर्ण क्रम घेऊन ते बरे झाले, मात्र उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी कायमची राहून गेली. दोन वर्षांपूर्वी त्या पोकळीत बुरशीचा गोळा, म्हणजे अ‍ॅस्परजिलोमा, असल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले. खोकल्यातून रक्त पडू लागले, आणि एका रात्री वाटीभर रक्त पडल्यावर मांडीच्या धमनीतून तार नेऊन फुफ्फुसाकडची रक्तवाहिनी बंद करण्याचा उपाय करावा लागला. चार महिन्यांनी रक्त पुन्हा आले. अखेर 6 डिसेंबरला उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब, म्हणजे वरचा खंड, काढला.

शस्त्रक्रिया साडेसहा तास चालली, कारण फुफ्फुस छातीच्या भिंतीला घट्ट चिकटलेले होते. बारा दिवसांनी नळी काढली आणि आम्ही घरी आलो. मकर संक्रांतीच्या आसपास ताप सुरू झाला. ते डाव्या कुशीवर वळले की खोकल्याची उबळ येऊन तपकिरी, पाण्यासारखा कफ कपभर पडायचा. उजव्या कुशीवर झोपले की उबळ थांबायची. तपासणीत कळले की श्वासनळीच्या शिवलेल्या टोकाला सुमारे चार मिलिमीटरचे छिद्र पडले आहे, रिकाम्या जागेत पू झाला आहे, आणि त्या पुवाच्या कल्चरमध्ये पुन्हा तीच बुरशी वाढली आहे. आता छातीत नळी आहे आणि व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू आहे.

सर्जन म्हणतात की जागा भरली नाही तर दोन-तीन बरगड्यांचे तुकडे काढून छातीला ‘खिडकी’ करावी लागेल. सासरे म्हणतात, “उघडी छाती घेऊन मला जगायचे नाही.” यजमानांना मुंबईला दुसरे मत घ्यायचे आहे, आणि नणंदेचा आग्रह आहे की औषधांवरच थांबावे. ज्यांनी हे घरात अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवासकर · 9 फेब्रुवारी, रात्री 10:52

ताई, वाचून वाईट वाटले. ही 2021 मधली काळी बुरशीच आहे का? त्या मे महिन्यात इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या वॉर्डांत आमच्या ओळखीचे दोन रुग्ण होते, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक शहरभर फिरत होते. ते आठवले की अजून अंगावर काटा येतो.

बीजाणू (सूक्ष्मजीवशास्त्र, निवृत्त) · 9 फेब्रुवारी, रात्री 11:30

देवासकर, ती बुरशी वेगळी. काळी बुरशी म्हणजे म्यूकर गटातली बुरशी; ती रक्तवाहिन्यांत शिरून काही दिवसांत ऊतक मारते आणि तिच्यावर व्होरिकोनाझोल चालत नाही. ताईंच्या सासऱ्यांना झालेली अ‍ॅस्परजिलस बहुधा संथ असते, आणि फुफ्फुसाच्या जुन्या पोकळीत वर्षानुवर्षे राहते. फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाने 1729 मध्ये तिला हे नाव दिले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या झारीसारखा दिसला. मी तीस वर्षे तिच्या काचपट्ट्या पाहिल्या आणि दर वेळी ती झारीच दिसली.

तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रोमीटरचे असल्याने श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जातात. आपण सर्वजण ते रोज श्वासातून घेतो आणि निरोगी फुफ्फुस ते साफ करते. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या रिकाम्या जागेत मात्र हवा असते, ओल असते, रक्ताची गुठळी असते, आणि साफ करणारी फुफ्फुसाची भिंत तिथे नसते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे : गोळा काढताना पोकळी फुटली तर बुरशी छातीत सांडते, आणि सांडण्याचा धोका असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीपासून बुरशीविरोधी औषध सुरू ठेवतात. शस्त्रक्रियेच्या नोंदीत याचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

स्नेहलतागंज · 10 फेब्रुवारी, सकाळी 7:20

आमच्या काकांनी खिडकीला नकार दिला होता. त्यांनी नळीवर सात महिने काढले, आणि त्या सात महिन्यांत त्यांचे वजन अकरा किलो कमी झाले. यापेक्षा अधिक लिहिणे मला जमणार नाही.

दवाबाजार_गल्ली (औषधविक्रेता) · 10 फेब्रुवारी, दुपारी 1:05

वहिनी, शस्त्रक्रियेआधी त्यांना इट्राकोनाझोल हे बुरशीचे औषध चालू होते का? असल्यास ते कधी आणि कशाबरोबर घेत होते, हे कृपया आठवून सांगा. मी हे रोज पाहतो म्हणून विचारत आहे.

क्षिप्राकाठ · 10 फेब्रुवारी, दुपारी 3:40

हो, आठ महिने चालू होते. रोज सकाळी सहा वाजता अनशापोटी पँटोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी आणि त्याच घोटाबरोबर इट्राकोनाझोलची कॅप्सूल घेत. दोन्ही एकत्र घ्यायला सोपे पडते असे आम्हाला वाटले होते.

दवाबाजार_गल्ली · 10 फेब्रुवारी, दुपारी 4:10

मला हीच भीती होती. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पोटातल्या आम्लात विरघळते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची असते. आम्ल कमी करणारी गोळी तिच्याबरोबर घेतली तर औषध रक्तात फारच कमी उतरते. याउलट व्होरिकोनाझोल रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर घ्यायचे असते. दोन्ही बुरशीचीच औषधे असली तरी नियम उलटे आहेत. त्यात ‘सुबा’ प्रकारच्या इट्राकोनाझोलची मात्रा साध्या कॅप्सूलपेक्षा वेगळी असते. दुकानदाराने एकाच्या जागी दुसरे दिले आणि मिलिग्रॅमचा आकडा तोच ठेवला तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून नाव बदलले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडके उघडू नये.

फुफ्फुसवैद्य (छातीरोगतज्ज्ञ, इंदूर) · 10 फेब्रुवारी, रात्री 11:48

ताई, तुमचा रुग्ण मी पाहिलेला नाही, त्यामुळे हा उपचाराचा आदेश समजू नये. मात्र तुमच्या घरात जो वाद चालू आहे, तो दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्याने होतो, असे मला वाटते. एक गोष्ट बुरशी आणि दुसरी गोष्ट रिकामी जागा. औषध पहिलीवर काम करते, दुसरीवर करत नाही. जोपर्यंत श्वासनळीच्या टोकाचे छिद्र उघडे आहे तोपर्यंत प्रत्येक श्वासाबरोबर त्या जागेत हवा आणि नवे बीजाणू जातात, आणि खोकल्याबरोबर तिथला पू उलट चांगल्या फुफ्फुसात येतो. सासऱ्यांना डाव्या कुशीवर उबळ यायची ती यामुळेच. उजवी बाजू खाली ठेवून झोपण्याची सवय त्यांना शरीरानेच लावली. ती मोडू देऊ नका, कारण डावे फुफ्फुस हेच आता त्यांचे मुख्य भांडवल आहे.

क्षयरोगानंतरच्या गुंतागुंतीच्या अ‍ॅस्परजिलोमात असे का घडते, तेही सांगतो. फुफ्फुसाचा उरलेला भाग जुन्या रोगाने ताठर झालेला असतो. लोब काढल्यावर तो निरोगी फुफ्फुसासारखा फुगून जागा भरत नाही. चिकटलेल्या थरांतून सोडवताना त्याच्या पृष्ठभागाला इजा होते आणि हवा बरेच दिवस गळत राहते. माणूस वर्षभर आजारी असल्याने त्याची प्रथिने कमी झालेली असतात, मधुमेह असल्यास जखम भरायला आणखी वेळ लागतो, आणि टाक्याच्या टोकाला संसर्ग पोहोचला की टाका धरत नाही. यात सर्जनचा दोष असतोच असे नाही.

आता खिडकीविषयी. 1935 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एलोएसर या सर्जनने क्षयरोगातल्या पुवासाठी हा मार्ग वर्णन केला. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली : जागा भरता येत नसेल तर ती बाहेरच्या बाजूने उघडी करावी, रोज साफ करावी, आणि आतली भिंत लाल, स्वच्छ, ओलसर दिसू लागली की पाठीचा स्नायू किंवा पोटातली चरबीची चादर आत वळवून तिने छिद्र आणि जागा दोन्ही भरावी. खिडकी हा शेवटचा मुक्काम असायलाच हवा असे नाही. बऱ्याच रुग्णांत ती मधली पायरी असते. काहींची कायमची राहते, हेही लपवू नये.

म्हणून तुम्ही सर्जनना चार गोष्टी विचाराव्यात. छिद्र मोठे होत आहे की लहान? फुफ्फुस किती फुगले आहे? पुवाची क्षयरोगासाठी पुन्हा तपासणी झाली आहे का? आणि रक्तातील व्होरिकोनाझोलची पातळी कोणी मोजली आहे का? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. यकृतातील एका विकराच्या आनुवंशिक फरकामुळे एकाच मात्रेवर एका माणसाची पातळी शून्याजवळ राहते तर दुसऱ्याची विषारी होते. पुढची मात्रा घेण्यापूर्वी रक्त काढतात, आणि ती पातळी साधारणपणे 1 ते 5.5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते.

नंदलालपुरा · 11 फेब्रुवारी, सकाळी 8:15

डॉक्टरसाहेबांचा मान राखून एक वेगळे मत मांडतो. माझ्या मेव्हण्याचे असेच छिद्र दुर्बिणीतून जैविक गोंद टाकून बंद केले होते. चार मिलिमीटर म्हणजे लहानच छिद्र आहे. मग बरगड्या कापण्याची घाई कशासाठी?

फुफ्फुसवैद्य · 11 फेब्रुवारी, दुपारी 2:30

प्रश्न योग्य आहे. लहान छिद्रांत गोंदाचा उपयोग होतो आणि तो पर्याय सर्जनसमोर जरूर ठेवावा. पण खाली बुरशीचा पू साचलेला असताना वरून झाकण लावले तर पू आत कोंडतो आणि झाकणही टिकत नाही. आधी निचरा पूर्ण हवा. तुमच्या मेव्हण्यांच्या बाबतीत त्या वेळी पू होता का?

नंदलालपुरा · 11 फेब्रुवारी, सायंकाळी 6:02

नव्हता. शस्त्रक्रियेनंतर सहाव्याच दिवशी हवा गळताना लक्षात आले होते. फरक समजला, आभारी आहे.

बडोद्याची_वृंदा · 11 फेब्रुवारी, रात्री 9:35

आमच्या घरी बाबांना व्होरिकोनाझोल अकरा महिने होते, म्हणून दोन गोष्टी सांगते. गोळी घेतल्यावर सुमारे अर्ध्या तासाने त्यांना भिंतीवर हिरवट-पिवळे झगझगीत ठिपके दिसत आणि काही वेळाने जात. आम्ही घाबरून नेत्रतज्ज्ञांकडे धावलो होतो; नंतर कळले की या औषधाने असे होते, मात्र अशा वेळी वाहन चालवू नये. दुसरी गोष्ट उन्हाची. फेब्रुवारीतल्या कोवळ्या उन्हात गच्चीवर बसूनसुद्धा त्यांचे कान आणि मानेचा मागचा भाग भाजल्यासारखा लाल झाला होता. माळव्याचे ऊन तर पुढे आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी आतापासूनच वापरावी. यकृताची तपासणीही ठरलेल्या तारखांना चुकवू नये.

क्षिप्राकाठ · 12 फेब्रुवारी, रात्री 11:10

आज पातळीविषयी विचारले. आजवर मोजलीच नव्हती. वर्षभर आम्ही तीन ठिकाणी औषध घेतले, आणि इट्राकोनाझोलच्या वेळीही ही तपासणी करावी लागते असे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्या आठ महिन्यांच्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत, कारण पाण्याचा पेला मीच हातात देत होते. नमुना बाहेरगावी पाठवला आहे.

आणखी एक प्रश्न आहे. नातू सहा वर्षांचा आहे. नणंदेने सासऱ्यांची ताटवाटी वेगळी केली आहे आणि मुलाला त्यांच्या खोलीत जाऊ देत नाही. ते आवश्यक आहे का?

बीजाणू · 12 फेब्रुवारी, रात्री 11:55

मुळीच आवश्यक नाही. ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जात नाही. पुवाची क्षयरोगाची तपासणी नकारात्मक आली की नातवाला आजोबांच्या पलंगावर खुशाल बसू द्यावे. आणि तो पेला मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला दिलेल्या कागदावर नियम लिहिलेला नव्हता.

मल्हारगंज_आजोबा · 13 फेब्रुवारी, सकाळी 6:45

सूनबाई, आमच्या काळी दम्याच्या रुग्णाच्या खोलीत कडुनिंबाचा पाला आणि गुग्गुळ यांची धुरी देत. हवेतली बुरशी मरते, असे वैद्य सांगत. विचार करून पाहा.

श्वास_माला (फिजिओथेरपिस्ट) · 13 फेब्रुवारी, दुपारी 12:20

आजोबा, आपल्या भावनेचा आदर आहे, पण ज्याच्या श्वासनळीला छिद्र आहे त्याच्या खोलीत कोणताही धूर नको. धुराने खोकला वाढतो, आणि प्रत्येक जोरदार खोकला त्या टाक्यावर पडणारा झटका असतो.

घरात खरा धोका कुठे असतो ते लिहिते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वर्षभराचा गहू भरतात. पोती ओतून, चाळून, निवडून कोठीत भरेपर्यंत दोन दिवस घरात कोंड्याची धूळ असते. तो गहू या वर्षी दुसऱ्याच्या घरी साफ करून घ्यावा. कूलरच्या जुन्या ताट्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तशाच लावल्या तर पहिल्याच दिवशी जो कुबट वास येतो, तो बुरशीचा असतो. त्या फेकून नव्या बसवाव्यात, आणि त्यांच्या खोलीत कूलर नसलेलाच बरा. ओल्या कचऱ्याचे घरगुती खत करण्याचा डबा आता इंदूरच्या पुष्कळ घरांत आहे. ती चांगलीच सवय आहे, पण ही बुरशी उष्णता सहन करणारी असल्याने तापलेल्या खताच्या ढिगात जोमाने वाढते. तो डबा हलवण्याचे काम त्यांच्याकडे असेल तर ते काढून घ्यावे. आणि रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे मिरवणुकीचा, गुलाल सुदामानगरापर्यंत येवो न येवो, त्या दिवशी खिडक्या बंद ठेवाव्यात.

नळीविषयी सर्वांत महत्त्वाचे : नळीची पिशवी किंवा बाटली नेहमी छातीच्या खाली असावी, आणि बाटलीत बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावू नये. हवा आत अडकली तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. नेताना सोपे जावे म्हणून मदतनीस चिमटा लावतात; त्यांना थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

क्षिप्राकाठ · 13 फेब्रुवारी, दुपारी 4:00

खताचा डबा सासरेच हलवायचे. निवृत्तीनंतर तेच त्यांचे आवडते काम होते. आज तो शेजाऱ्यांना दिला.

ग्वाल्हेरी · 15 फेब्रुवारी, रात्री 8:25

खर्चाची तयारी आतापासून करावी. आयुष्मान कार्ड असेल तर दाखल असतानाचा खर्च कुटुंबामागे वर्षाला ₹5 लाखांपर्यंत निघतो, पण घरी गेल्यावर औषधे 15 दिवसांचीच मिळतात. बुरशीचे औषध मात्र महिनोन्‌महिने चालते. आमच्या भावाने सहाव्या महिन्यात, बरे वाटते म्हणून आणि पैशांसाठीही, गोळ्या बंद केल्या आणि दिवाळीत पुन्हा रक्त आले.

बीजाणू · 15 फेब्रुवारी, रात्री 9:10

ग्वाल्हेरी यांच्या अनुभवाला आधार आहे. फुफ्फुसातल्या दीर्घकालीन अ‍ॅस्परजिलससाठी चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत इट्राकोनाझोल सहा महिने आणि बारा महिने अशी तुलना झाली, आणि ती 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने घेणाऱ्यांपैकी 38 टक्के रुग्णांत आजार उलटला, बारा महिने घेणाऱ्यांत 10 टक्के. हे रुग्ण शस्त्रक्रिया झालेले नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण लवकर थांबवण्याचा मोह का टाळावा, हे त्यातून कळते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या बुरशीला सर्वाधिक प्राधान्याच्या गटात ठेवले.

उजवी_कूस · 16 फेब्रुवारी, पहाटे 5:30

मी सहसा लिहीत नाही. मला स्वतःला चौदा महिने खिडकी होती. आता ती स्नायूने बंद केली आहे.

क्षिप्राकाठ ताई, सासऱ्यांना हे वाचून दाखवा. काका, मीही तुमच्याचसारखे बोललो होतो. माझ्या काखेच्या खाली मुलाची मूठ जाईल एवढे तोंड होते. पहिल्या ड्रेसिंगला मी तोंड फिरवले. दहाव्या दिवशी आरशात पाहिले. आत ओली गुलाबी भिंत होती आणि खोकलो की तिथून हवेचा फुत्कार यायचा. बोलताना हात त्यावर दाबून धरावा लागे, नाहीतर आवाज अर्धा बाजूने निघून जाई. आंघोळ कमरेपर्यंतच करता येई. हे सगळे त्रासाचे आहे आणि मी ते कमी करून सांगणार नाही. पण ताप चौथ्या दिवशी गेला, नळी गेली, पिशवी गेली, आणि महिन्याभराने मी सदऱ्याच्या आत पॅड लावून पायी बाजारात जाऊन भाजी आणली. नळीबरोबर मी संडासापर्यंतच जात होतो.

ड्रेसिंग माझी पत्नी करत असे. तिने एक वही ठेवली होती : आत पट्ट्या पाच, बाहेर पट्ट्या पाच. एक जरी आत राहिली तर तिच्याभोवती पुन्हा पू होतो, म्हणून ती मोजल्याशिवाय पॅड चिकटवत नसे.

क्षिप्राकाठ · 16 फेब्रुवारी, रात्री 10:40

वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना विचारले, “या गृहस्थांनी भाजी कोणत्या महिन्यात आणली म्हणालीस?”

क्षिप्राकाठ · 22 मार्च, रात्री 9:20

सर्वांना उशिरा कळवत आहे, क्षमा असावी. पातळी 0.4 आली होती. मात्रा वाढवल्यावर दुसऱ्या तपासणीत 2.6 झाली. क्षयरोगाची तपासणी नकारात्मक आली. मुंबईचे मत कागदपत्रे आणि सीटी पाठवून घेतले. त्यांनीही सांगितले की फुफ्फुस आता अधिक फुगणार नाही आणि केवळ नळीवर थांबण्यात अर्थ नाही. यजमान आणि नणंद दोघेही त्यानंतर तयार झाले, पण होकार सासऱ्यांनी स्वतः दिला. 11 मार्चला खिडकी झाली. तीन बरगड्यांचे छोटे तुकडे काढले.

ताप गेला आहे. पहिले चार दिवस वेदना फार होत्या. रोज दोन अंडी, डाळ आणि रात्री दूध एवढे पोटात जाते, वजन आठशे ग्रॅम वाढले आहे. परवापासून घरी ड्रेसिंग मी करते. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता, तेव्हा त्यांनीच मोठ्याने मोजायला सुरुवात केली. वही केली आहे. आज आत सहा, बाहेर सहा.

फुफ्फुसवैद्य काका, एक विचारायचे राहिले. पट्ट्यांवर आज फिकट हिरवट डाग दिसला, वास नव्हता. कल्चर पाठवावे का?

फुफ्फुसवैद्य · 22 मार्च, रात्री 10:05

पाठवावे, जीवाणू आणि बुरशी या दोन्हींसाठी. पट्टी पाठवू नये. सर्जनच्या बाह्यरुग्ण विभागात आतल्या भिंतीवरून नमुना घ्यायला सांगावे, आणि तोवर व्होरिकोनाझोलच्या वेळा बदलू नयेत.